मोहाडी ते मंत्रालय: धंद्याची बाजू मांडणाऱ्यांचा इतिहास

भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडीसारख्या तालुक्याच्या गावी 'लॉबिस्ट' अशी पाटी कुठल्याच दारावर सापडणार नाही. काम मात्र जुने आहे. धंदेवाल्याला सरकारकडून काही हवे असते, किंवा सरकारने काही करू नये असे वाटत असते. स्वतः जाऊन सांगायला त्याच्याकडे वेळ नसतो, ओळख नसते, कागदाची भाषा येत नसते. मग तो पैसे देऊन किंवा मत देऊन कुणाला तरी पुढे करतो. या भागात असे पुढे केलेले लोक शेटे होते, अर्जनवीस होते, वकील होते, संघाचे सचिव होते, आमदार-खासदार होते आणि आज कंपनीचे 'लायझनिंग' पाहणारे आहेत. नावे बदलत गेली ती दोन गोष्टींमुळे. एक, निर्णय घेणारा गावापासून किती लांब बसतो. दुसरी, पैसे घेऊन बाजू मांडणे आणि पैसे घेऊन वजन खर्च करणे यांच्यामध्ये कायदा रेघ कुठे ओढतो.

मोहाडी हे भंडाऱ्याच्या उत्तरेला, तुमसरच्या वाटेवरचे गाव. नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात हा मुलूख वैनगंगेच्या खोऱ्यातला धानाचा आणि विणकरांचा. गावाचे दोन भाग मानले जात: काळी म्हणजे शेतजमीन आणि पांढरी म्हणजे वस्ती. शेतसारा काळीवर, आणि शेती न करणाऱ्या दुकानदार-कारागिरांवरचा कर तो 'पांढरी'. नागपूरच्या राज्यातला हा कर इंग्रजांनीही पुढे कित्येक वर्षे चालू ठेवला. जमिनीला मोजणी असते, धंद्याला नसते. त्यामुळे कुणी किती द्यायचे हा सवाल तडजोडीचाच. मराठी मुलखातल्या पेठांत बाजाराच्या वतीने बोलणारे शेटे आणि महाजन असत, आणि त्याबद्दल त्यांना मान व हक्क मिळत. त्यांना लॉबिस्ट म्हणणे ओढूनताणून होईल, कारण ते जितके व्यापाऱ्यांचे होते तितकेच सरकारचेही. बाजू मांडणारा आणि वसुलीला मदत करणारा एकच माणूस असला की तो नेमका कुणाचा, हे त्या वेळीही स्पष्ट नसावे.

तिसरे रघूजी १८५३ मध्ये वारले, राज्य खालसा झाले, आणि १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार होऊन नागपूर त्याची राजधानी बनले. त्यानंतर सरकारशी बोलण्याची जागा दरबारातून कचेरीत आली. कचेरीत तोंडी गाऱ्हाणे चालत नाही, कागद लागतो. तिथून अर्जनवीस आला. तहसील कचेरीच्या आवारात झाडाखाली सतरंजी, पुढे उतरती पेटी, दौत, टाक आणि कोर्ट फीचे स्टॅम्प, असा हा माणूस विदर्भातल्या तालुक्याच्या गावांना चांगला परिचयाचा. पुढे पेटीची जागा टाइपरायटरने घेतली आणि आता संगणकाने. त्याचे कौशल्य अक्षरात नव्हते, गाऱ्हाण्याचा 'विषय' शोधण्यात होते. विणकर दहा मिनिटे सूत, सावकार आणि मुलीचे लग्न यांबद्दल बोलायचा. अर्जनवीस त्यातून एक मागणी काढायचा, ती कुठल्या अधिकाऱ्याच्या अधिकारात बसते ते ठरवायचा आणि तेवढीच लिहायचा. जगातल्या कुठल्याही राजधानीत पगारी प्रतिनिधी आजही मुख्यतः हेच करतो.

या कामाला कायद्याने परवानगी होती, आणि ती मोठ्या नेमक्या शब्दांत दिली होती. १८६० च्या भारतीय दंड संहितेचे कलम १६३ पैसे घेऊन सरकारी नोकरावर व्यक्तिगत वजन वापरणाऱ्याला एक वर्षापर्यंतच्या साध्या कैदेची शिक्षा सांगत होते. पण त्या कलमाखालच्या दृष्टांतात तीन माणसे मुद्दाम वगळली होती: न्यायाधीशापुढे फी घेऊन युक्तिवाद करणारा वकील, सरकारला द्यायचा विनंतीअर्ज पैसे घेऊन मांडून-सुधारून देणारा, आणि शिक्षा झालेल्या गुन्हेगाराच्या वतीने ती शिक्षा अन्यायाची आहे हे सरकारपुढे ठेवणारा पगारी प्रतिनिधी. कारणही तिथेच दिले होते. हे तिघे आपले वजन विकत नाहीत. म्हणजे म्हणणे विकायला हरकत नव्हती, ओळख विकायला होती. १८७२ च्या करार कायद्यातही याच्याच जवळचा एक दृष्टांत आहे: सरकारी नोकरी मिळवून देतो, तू मला हजार रुपये दे, असा करार रद्दबातल. लॉबिंग या विषयावर आज जे ग्रंथच्या ग्रंथ लिहिले जातात, त्यांतला मुख्य प्रश्न या दोन कायद्यांच्या चार-सहा ओळींत येऊन गेला आहे. उत्तर मात्र कागदावर सोपे आणि कचेरीच्या दाराशी अवघड. अर्ज लिहून देणाराच 'साहेबांशी बोलतो' असे हळूच सुचवू लागला की तो रेघेच्या कुठल्या बाजूला उभा आहे, हे फक्त त्याला आणि अशिलाला ठाऊक.

त्याच काळातला १८७९ चा वकीलविषयक कायदा वकील, मुखत्यार आणि महसुली एजंट अशा पायऱ्या मान्य करत होता. त्याच कायद्यात पुढे दलालांवरही तजवीज आली. कमिशन घेऊन वकिलांकडे अशील आणून देणाऱ्यांची यादी करून ती कोर्टात टांगायची. अशा याद्या टांगल्याने दलाल कमी झाले की त्यांची फुकट जाहिरात झाली, हा प्रश्न त्या वेळच्या न्यायाधीशांनाही पडला असेल.

मोहाडीच्या धंद्याला या व्यवस्थेतून काय मिळाले? विसाव्या शतकाच्या आरंभीच्या गॅझेटिअरांत भंडारा, पवनी, अड्याळ, आंधळगाव आणि मोहाडी ही रेशीमकाठी कापडाची गावे म्हणून येतात. कोष्टी समाजाची वस्ती, घराघरात खड्ड्याचा माग, आणि गावात चौंडेश्वरीचे देऊळ. पण १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली आणि स्पर्धा मोहाडीच्या अंगणात आली. गिरण्यांकडे मागण्या मांडायला माणसे आणि संस्था होत्या. मुंबईचे चेंबर ऑफ कॉमर्स १८३६ पासून काम करत होते. १८९६ मध्ये सरकारने देशी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी कर बसवला, तेव्हा गिरणीमालकांनी तो उठवण्यासाठी तीस वर्षे सतत निवेदने, ठराव आणि परिषदा चालवल्या. १९२५ च्या डिसेंबरात तो थांबला. हातमागाला हा कर नव्हता, म्हणजे या वादात विणकराचा उलटा फायदा होता. तो टिकावा म्हणून बोलणारा त्याचा स्वतःचा प्रतिनिधी मात्र त्या तीस वर्षांच्या लढ्यात कुठे उठून दिसत नाही.

१९१९ च्या सुधारणांनंतर धंद्याला प्रतिनिधी भाड्याने आणायची गरजच कमी झाली, कारण त्याला थेट कौन्सिलात जागा मिळाल्या. मध्य प्रांताच्या कायदे कौन्सिलात जमीनदारांच्या, विद्यापीठाच्या, व्यापार-उद्योगाच्या आणि खाणमालकांच्या खास जागा होत्या. खाणींची जागा भंडाऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाची. मोहाडीच्या उत्तरेला तुमसर तालुक्यातल्या चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणींमागे ब्रिटिश भांडवल होते. त्यांतली मुख्य कंपनी १९२४ पासून सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओर कंपनी. हिचाच वारसा १९६२ मध्ये मॉइल या मँगनीज कंपनीकडे आला आणि १९७७ मध्ये ती पूर्णपणे सरकारी झाली. १९३५ च्या कायद्याने मध्य प्रांत-वऱ्हाडच्या विधानसभेत ११२ जागा ठरवल्या. त्यांत व्यापार-उद्योगाला २, जमीनदारांना ३ आणि कामगारांना २. आकडा छोटा दिसतो. पण हे लोक लॉबीत ताटकळत उभे राहणारे नव्हते, सभागृहात बसून विधेयकावर मत देणारे होते. मालगुजारांचेही तसेच. ज्याच्या नावावर गावचा तलाव आणि सारा, त्याचा आवाज नागपूरपर्यंत पोचायला मध्यस्थ लागत नव्हता. उलट उद्योगाच्या मतदारसंघात मत द्यायला कारखाना किंवा कंपनी लागे; मोहाडीच्या कोष्ट्याचा घरातला माग त्या हिशेबात बसत नव्हता. धंद्याला प्रतिनिधित्व मिळाले ते मोठ्या धंद्याला.

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेने या खास जागा काढून टाकल्या. विधान परिषदेत पदवीधर, शिक्षक आणि स्थानिक स्वराज्य संस्था यांच्यासाठी जागा राहिल्या; व्यापारी, खाणवाले आणि जमीनदार यांच्या गेल्या. मालगुजारी १९५१ मध्ये संपली. अपवाद शोधायचा तर तो बाजार समितीत सापडतो. १९६३ च्या कायद्याखाली निवडून येणाऱ्या १८ संचालकांत अडते-व्यापाऱ्यांचे २ आणि हमाल-मापाड्यांचा १ असतो. राज्याच्या पातळीवर जे बंद झाले ते तालुक्याच्या पातळीवर अजून चालू आहे. वर मात्र धंद्याला आता दुसरी वाट काढावी लागली, आणि भंडारा जिल्ह्यात ती वाट बिडीने काढली.

बिडीचा उद्योग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जबलपूर, सागर, गोंदिया या पट्ट्यात वाढला. कारणे साधी: जंगलात तेंदूचे पान, शेतीचा हंगाम संपला की रिकामे हात, आणि माल हलवायला बंगाल-नागपूर रेल्वे. भंडारा रोड हे स्टेशन मोहाडी तालुक्यातल्या वरठीतच आहे. कारखान्यात बिडी फारशी वळली जात नसे. सट्टेदार तंबाखू आणि पान घेऊन गावात यायचा, बाया घरी सुपात पान घेऊन बसायच्या, संध्याकाळी मोजणी व्हायची आणि नापसंत बिडी 'छाट' म्हणून बाजूला पडायची. छाटीचे पैसे मिळत नसत, बिडी मात्र मालकाकडेच राही. म्हणून ऐन मोजणीच्या वेळी सट्टेदार आणि कामगार यांच्यात रोज छोटी लढाई व्हायची. १९३७ च्या मध्य प्रांताच्या कायद्याने फॅक्टरी कायद्याबाहेरच्या बिडी, लाख आणि चामड्याच्या कारखान्यांना पहिल्यांदा बंधन घातले. सट्टेदार हा कामगार की कंत्राटदार, हा वाद तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तो कामगार नाही, असा निकाल १९५८ मध्ये लागला.

त्याआधीची लढाई मोठी आहे. १९४८ मध्ये मध्य प्रांत-वऱ्हाडच्या विधानसभेने एक कायदा केला: पेरणी-कापणीच्या हंगामात डेप्युटी कमिशनरने ज्या गावांची नावे जाहीर करावीत, तिथे कुणी बिडी वळायची नाही. कारण शेतीला मजूर मिळत नव्हते. या कायद्यात दोन धंद्यांची ओढाताण उघडी दिसते. एका बाजूला जमीनवाले, ज्यांना रोपणीला हात हवे होते. दुसऱ्या बाजूला बिडी कारखानदार, ज्यांना तेच हात बारा महिने हवे होते. सभागृहात जमीनवाल्यांची सरशी झाली. बिडीवाले कोर्टात गेले. सागर जिल्ह्यातला एक कारखानदार आणि एक बिडी कामगार यांचे अर्ज एकत्र चालले आणि ८ नोव्हेंबर १९५० रोजी, घटना लागू होऊन वर्ष होण्याच्या आत, सर्वोच्च न्यायालयाने बंदी रद्द केली. ज्यांना शेतात कामच करता येत नाही अशा म्हाताऱ्या, अपंग माणसांनाही घरी बसून बिडी वळू न देणे हे व्यवसायस्वातंत्र्यावरचे अवास्तव बंधन ठरले. कारखानदाराबरोबर कामगार अर्जदार असणे हा धोरणी डाव होता असे म्हणायला जागा आहे. म्हातारीची घरबसल्या कमाई जाते, हा मुद्दा मालकाच्या नफ्यापेक्षा न्यायाधीशाला नेहमीच जवळचा वाटतो. बिडी उद्योग तेव्हापासून आजपर्यंत आपली बाजू मांडताना हेच करत आला आहे. पुढे कामगार, मागे मालक.

पुढच्याच वर्षी दिल्लीत एक प्रकरण घडले, ज्याने पैसे घेऊन धंद्याची बाजू मांडणाऱ्या लोकप्रतिनिधीचे काय होते ते देशाला दाखवले. हंगामी संसदेचे मुंबईचे सदस्य एच. जी. मुद्गल यांनी मुंबईच्या सराफ बाजाराच्या संघटनेसाठी, म्हणजे बॉम्बे बुलियन असोसिएशनसाठी, संसदेत प्रश्न विचारण्याचे आणि मते वळवण्याचे काम घेतले होते. बोलणी वीस हजारांची. हातात आले सत्तावीसशे रुपये. चौकशी समिती बसली, नेहरूंनी स्वतः हकालपट्टीचा ठराव मांडला आणि ठराव मंजूर होण्याआधी सप्टेंबर १९५१ मध्ये मुद्गलांनी राजीनामा दिला. तेच काम संघटनेने एखाद्या वकिलाला दिले असते तर त्यात गैर काही नव्हते. गुन्हा कामात नव्हता, ते करणाऱ्याच्या खुर्चीत होता.

त्यानंतर दोनच महिन्यांनी, नोव्हेंबर १९५१ मध्ये, पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीचे अर्ज भरले गेले. भंडारा हा तेव्हा दोन खासदार देणारा मतदारसंघ होता: एक सर्वसाधारण, एक राखीव. सर्वसाधारण जागेवर काँग्रेसचे चतुर्भुज जसानी निवडून आले. ते गोंदियाच्या मूलजी सिक्का आणि कंपनी या बिडी कारखानदार पेढीचे भागीदार होते, आणि या पेढीचा सैन्याच्या कँटीन स्टोअर्सला बिड्या पुरवण्याचा व्यवहार होता. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम ७ (ड) सांगत होते की सरकारला माल पुरवण्याच्या कंत्राटात ज्याचा हिस्सा किंवा हितसंबंध आहे तो उमेदवार अपात्र. निवडणूक याचिका झाली, आणि १५ फेब्रुवारी १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. तो लिहिला न्यायमूर्ती विवियन बोस यांनी, जे आधी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते. बिडीच्या मुलखाची त्यांना ओळख करून द्यायची गरज नव्हती.

या निकालातले मुद्दे बारकाईने पाहण्यासारखे आहेत. बचाव असा की करार घटनेने सांगितलेल्या रीतीने, राष्ट्रपतींच्या नावे झालेला नाही, नुसत्या पत्रव्यवहाराने ठरला, म्हणून तो सरकारवर बंधनकारकच नाही, मग हितसंबंध कसला? कोर्टाने म्हटले की सरकारचे रोजचे छोटे व्यवहार असेच चालतात. सरकारला तो व्यवहार मान्य करता येतो, त्यामुळे करार सरकारवर लादता आला नाही तरी अपात्रतेपुरता हितसंबंध उरतोच. दुसरा बचाव, जसानी भागीदारीतून बाहेर पडले होते. कोर्टाचे उत्तर: भागीदार निवृत्त झाला म्हणून चालू कंत्राटातली त्याची देणीघेणी आपोआप संपत नाहीत. बिडीची पेटी सैनिकाच्या हातात पोचते, तिचे पैसे सरकारकडून येतात आणि मालक त्याच सरकारच्या हिशेबावर मत देतो, एवढे कायद्याला पुरेसे होते. याच खटल्यात राखीव जागेच्या एका उमेदवाराचा अर्ज चुकीने फेटाळल्याचेही ठरले. महानुभाव पंथ स्वीकारला म्हणून महार जात सुटत नाही, असा तो मुद्दा. सगळी निवडणूक रद्द झाली. मे १९५४ च्या पोटनिवडणुकीत सर्वसाधारण जागा प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता यांनी जिंकली, आणि राखीव जागेवर उभे असलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर हरले. भंडाऱ्याची ती निवडणूक आंबेडकरांच्या पराभवामुळे सर्वांच्या लक्षात आहे. ती झाली ती एका बिडीच्या कंत्राटामुळे, हे फारसे कुणी सांगत नाही.

कायदा नंतर सैल झाला. पुढच्या दुरुस्तीत 'हिस्सा किंवा हितसंबंध' हे शब्द गळले, आणि १९६६ मध्ये आलेल्या कलम ९-अ मध्येही ते नाहीत. उमेदवाराने स्वतः सरकारशी केलेला आणि चालू असलेला करारच आता अपात्र करतो. धंदेवाईक माणसे राजकारणात येतच राहिली. गोंदियाचे बिडी उद्योजक मनोहरभाई पटेल आमदार होते आणि गोंदिया शिक्षण संस्थाही त्यांनीच १९५८ मध्ये उभी केली. त्यात कायद्याला आक्षेप घेण्यासारखे काही नव्हते. पण ज्या जिल्ह्यात उद्योजकच सभागृहात जातो तिथे त्याला बाहेरचा प्रतिनिधी नेमावा लागत नाही, आणि लॉबिंग हा वेगळा धंदा म्हणून रुजत नाही, हे या भागाच्या इतिहासातून दिसते.

रुजण्याचे कारण दुसरीकडून आले: राजधानी लांब गेली. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत सरकार नागपुरात होते. मोहाडीचा माणूस सकाळी निघून कामाच्या माणसाला भेटून रात्री परत येऊ शकत होता. त्या दिवशी जिल्हा मुंबई राज्यात गेला, १९६० मध्ये महाराष्ट्रात आला आणि सचिवालय रेल्वेने आठशे किलोमीटरपलीकडे गेले. १९५३ च्या नागपूर कराराने वर्षातून एक अधिवेशन नागपुरात घेण्याचे ठरले होते, तो या अंतरावरचा उतारा. बाकीच्या वर्षात शिष्टमंडळ भंडारा रोडहून विदर्भ एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून सकाळी मुंबईत उतरते, आमदार निवासात अंघोळ उरकते आणि मंत्रालयाच्या पासाच्या रांगेत उभे राहते. दोन दिवस आणि चार माणसांचा खर्च. छोट्या धंद्याला तो परवडत नाही. म्हणून तो मुंबईत राहणाऱ्या, रोज त्या इमारतीत जाणाऱ्या कुणाला तरी काम सोपवतो. अंतर जेवढे वाढते तेवढी मध्यस्थाची किंमत वाढते.

नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाचे मोजके दिवस म्हणूनच विदर्भातल्या धंद्यांना महत्त्वाचे. २०२० आणि २०२१ मध्ये कोरोनामुळे ते नागपुरात झाले नाही, तेव्हा मागण्यांच्या दोन पूर्ण फेऱ्या चुकल्या. भात गिरणीवाल्यांचे उदाहरण घ्यावे. आधारभूत किमतीने खरेदी केलेला धान सरकार गिरण्यांना भरडाईला देते आणि क्विंटलमागे ६७ किलो तांदूळ परत मागते. तांदूळ तुटला, ओलावा जास्त निघाला तर ६७ चा हिशेब बसत नाही, असे गिरणीवाल्यांचे म्हणणे. भरडाईचा दर, वाहतुकीचा दर, थकलेली बिले आणि बँक हमी हे बाकीचे मुद्दे. त्यांनी धान उचलला नाही की गोदामे भरतात, गोदामे भरली की खरेदी थांबते आणि केंद्राबाहेर ट्रॅक्टरच्या रांगा लागतात. म्हणजे गिरणीवाल्याची खरी ताकद निवेदनात नाही, त्या रांगेत आहे. निवेदन फक्त तिची आठवण करून देते. धान उत्पादकांचा बोनसही याच अधिवेशनात जाहीर झाला आहे: डिसेंबर २०२२ मध्ये हेक्टरी १५ हजार आणि डिसेंबर २०२३ मध्ये हेक्टरी २० हजार रुपये, दोन हेक्टरांच्या मर्यादेत, या दोन्ही घोषणा नागपूरच्या सभागृहातल्या.

निवेदन देण्याची एक ठरलेली रीत आहे. संघटनेच्या लेटरहेडवर 'विषय' आणि 'संदर्भ', खाली मागण्यांचे आकडे, शेवटी सह्या. प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये तीन प्रती. मंत्री उतरतात त्या नागपूरच्या रवी भवनात सकाळी आठ वाजता गर्दीत मंत्र्यांच्या हातात कागद जातो. ते उभ्या उभ्या वरच्या कोपऱ्यात चार शब्द लिहितात. तो शेरा म्हणजे सगळ्या प्रवासाची कमाई. 'नियमानुसार कार्यवाही करावी' लिहिले तर जाणता माणूस समजतो की काम झाले नाही. 'तपासून तात्काळ सादर करावे' लिहिले तर थोडी आशा. 'चर्चा करावी' म्हणजे फाइल कुणीतरी मागवणार. शेऱ्याची झेरॉक्स काढायची, मूळ प्रत विभागात देऊन आवक क्रमांक घ्यायचा आणि मग त्या क्रमांकाच्या मागे लागायचे. याच मागे लागण्याला पैसे पडतात. कलम १६३ च्या दृष्टांतातला अर्ज मांडून देणारा आणि पैसे घेऊन वजन वापरणारा यांच्यातली रेघ आवक क्रमांकानंतर पुसट होत जाते.

तेंदूच्या बाबतीत सरकारने व्यापाऱ्याशी असलेले नातेच बदलले. १९६९ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने वनोपजाचा व्यापार राज्याच्या हातात घेतला. पान गोळा होते ती फळी, सत्तर पानांचे पुडके, हजार पुडक्यांची गोणी, या सगळ्याचा दर आणि लिलाव आता सरकारी निर्णयाचा विषय झाला, म्हणजे मागण्यांचाही. १९६६ च्या बिडी कामगार कायद्याला मालकांनी आव्हान दिले आणि १९७४ मध्ये ते हरले. त्यानंतरची मोठी लढाई तंबाखूच्या पाकिटावरच्या चित्राची. ८५ टक्के जागेवर इशारा छापण्याचा नियम १ एप्रिल २०१५ पासून लागू व्हायचा होता. लोकसभेच्या ज्या समितीने तो पुढे ढकलायला सांगितले तिचे अध्यक्ष अहमदनगरचे खासदार दिलीप गांधी होते, आणि सदस्यांत अलाहाबादचे खासदार, बिडी उद्योजक श्यामाचरण गुप्ता होते. टीका झाली, आणि नियम एक वर्ष उशिराने, १ एप्रिल २०१६ ला लागू झाला. जसानींच्या वेळी कायद्याने कंत्राट पाहिले होते. समितीत बसणाऱ्याचा धंदा पाहणारा तेवढा कडक नियम साठ वर्षांनंतरही नव्हता.

अमेरिकेत हाच प्रवास उलट्या दिशेने झाला. १८७४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने काँग्रेसकडून दावा मंजूर करून घेण्यासाठी टक्केवारीवर नेमलेल्या माणसाचा करार बेकायदा ठरवला. पण १९४६ आणि १९९५ च्या कायद्यांनी धंदा मान्य करून त्याची नोंदणी सक्तीची केली; राज्याराज्यांतही तशा नोंदी आहेत. त्या नोंदींमुळेच २०१२ मध्ये वॉलमार्टने भारतातील गुंतवणुकीच्या विषयावरही लॉबिंगसाठी खर्च केल्याचे उघड झाले. इथे गदारोळ झाला आणि सरकारने जानेवारी २०१३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती मुकुल मुद्गल यांची समिती नेमली. १९५१ च्या प्रकरणाशी आडनाव जुळणे हा निव्वळ योगायोग. त्याच वर्षी कलिकेश सिंह देव यांनी लॉबिंगची माहिती उघड करण्याचे खासगी विधेयक लोकसभेत मांडले. ते कायदा झाले नाही. दंड संहितेतली लाच आणि वजनाची कलमे १९८८ मध्येच भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात गेली होती, आणि २०१८ च्या दुरुस्तीने लाच देणारी व्यापारी संस्थाही गुन्हेगार ठरली. वजन विकणे अशा रीतीने गुन्हा राहिले. म्हणणे विकणाऱ्याची मात्र कुठेच नोंद नाही.

तालुक्याच्या पातळीवर या नोंदीची उणीव वेगळ्या तऱ्हेने भरून निघते. मोहाडी तालुक्यात आज पोलाद कारखाना आहे, भात गिरण्या आहेत, सूर आणि वैनगंगेचे रेतीघाट आहेत. मोठ्या कंपन्यांत जमीन, पाणी, वीज, प्रदूषण मंडळ आणि ग्रामपंचायतीचा कर पाहणारा लायझनिंगचा माणूस पगारावर असतो. बऱ्याचदा निवृत्त अधिकारी, ज्याला कागद कुठल्या टेबलावर अडतो ते ठाऊक असते. लहान उद्योजकांसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची जिल्हा उद्योग मित्र समिती आहे, जिथे तक्रार मांडायला कुणाला पैसे द्यावे लागत नाहीत, फक्त तारीख माहीत असावी लागते. २०१५ मध्ये मोहाडीला नगरपंचायत आली. १७ सदस्य, आणि १९६५ च्या नगरपरिषद कायद्याचे कलम १६, ज्यात परिषदेच्या कंत्राटात स्वतःचा किंवा भागीदाराचा हिस्सा असलेल्याला सदस्य होता येत नाही. म्हणजे जसानी खटल्यातल्या कलमाचेच धाकटे भावंड. एवढ्या लहान गावात दुकानगाळ्याचा ठराव कुणाच्या मेहुण्यासाठी आला आहे, ते विषयपत्रिका छापण्याआधीच बाजारात कळलेले असते.